आग्रह न कळणारे काका

माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी खूण मी इंग्लंडातल्या मेडनहेडच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला केली. माझी मुलगी मुक्ता तेव्हा थेम्स नदीवर रोइंग करायची आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचने तिला पसंत केलं होतं. कॉलेजच्या फॉर्मवर प्रश्न होता : आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार का? मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि वर ती गिरवली. नवरा आयटीत, दारात गाडी, आणि मदत कसली मागायची? शिवाय माझ्या पुण्याच्या माहेरी पाहुणा पाणीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायचा. मला वाटलं, आपण आधी नको म्हणायचं, मग ते आग्रह करतील. ती चाळिशीतली बाई आज समोर आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

ही चूक ज्यांनी पकडली ते बेसिंगस्टोकचे काका म्हणजे अख्ख्या इंग्लंडातले एकमेव मराठी गृहस्थ, ज्यांना आग्रह करता येत नव्हता आणि केलेला कळतही नव्हता. माझ्या नवऱ्याच्या सहकाऱ्याचे हे वडील, विमा कंपनीतून निवृत्त होऊन नागपूरहून मुलाकडे राहायला आलेले. छापलेला प्रत्येक शब्द भिंग लावून शेवटपर्यंत वाचायचा आणि बोललेला प्रत्येक शब्द खरा मानायचा, एवढंच त्यांचं व्रत. जॅमची बाटली वाचून झाल्याशिवाय ते टोस्टला हात लावत नसत. पार्किंगच्या मशीनवरची पाटी त्यांनी एकदा पूर्ण वाचली तेव्हा मागे सात गाड्या उभ्या होत्या, आणि सातही ड्रायव्हर इंग्रज असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. चहा विचारला की म्हणत, “हो. पाऊण कप, साखर एक. बिस्किट असेल तर दोन.” आणि आपण त्यांच्याकडे गेल्यावर “नको नको, आत्ताच झालाय” म्हटलं की “बरं” म्हणून गॅस बंद करत. पहिल्या भेटीत मी असाच कोरडा घसा घेऊन बेसिंगस्टोकहून परतले आणि वाटभर नवऱ्याला त्यांच्या संस्कारांबद्दल बोलत राहिले.

पुढे कोचचं पत्र आलं. स्कॉलरशिप हा शब्द दिसताच मी पेढे केले आणि काकांकडे घेऊन गेले. काकांनी पेढा खाल्ला, पत्र वाचलं आणि त्यांना ‘आजोबा’ म्हणणाऱ्या मुक्ताला तीन प्रश्न लिहून दिले : किती, किती वर्षं, आणि पाय मोडला तर काय? देव्हाऱ्यातला पेढा अजून ओला आणि हे पाय मोडण्याच्या गोष्टी करतात, म्हणून मी घुश्शात. मुक्ताने मात्र कोचला फोन करून विचारलं. उत्तरं आली : पैसे फीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, एकेका वर्षापुरते, आणि पाय मोडला तर पुढच्या वर्षी बघू.

“मग उरलेली फी कॉलेजच्या मदतीतून,” काका म्हणाले. “फॉर्मची कॉपी दाखव.” मी दाखवली. त्यांनी भिंग चौकोनावर धरलं. “सुलभा, इथे ‘नाही’ लिहिलंय.”

“अहो काका, ते आपलं आधी म्हणायचं म्हणून.”

“ते त्यांना कोणी सांगितलंय?”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला फोन केला. आम्हाला मदत हवी आहे, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा मी ते इतकं हळू म्हटलं की पलीकडे पोचलंच नाही. पलीकडची बाई फार गोड होती. परदेशी मुलांनी एकदा नाही म्हटलं की ते बदलता येत नाही, असं तिने गोडच सांगितलं. उरलेले दोन हिस्से आम्हाला झेपणारे नव्हते. मुक्ता चार दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली. पाचव्या दिवशी काका फोन न करता आले, पाऊण कप चहा घेतला आणि मुक्ताला म्हणाले, “नॉटिंगहॅमला पण नदी आहे.”

तिथल्या युनिव्हर्सिटीचा फॉर्म आम्ही तिघांनी भरला. फीसाठी सरकारी लोन, नोकरी लागून पगार ठराविक रकमेच्या वर गेला की मगच फेडायचं. वर खेळासाठी छोटी बर्सरी, म्हणजे परत न करायची थोडी रक्कम. मुलाखतीत मुक्ताने तिसरा प्रश्न विचारला तेव्हा रोइंगचा माणूस हसला, आणि मग सरळ बसून म्हणाला, पाय मोडला तर फिजिओ आमचा, आणि वर्ष संपेपर्यंत बर्सरी तुझीच. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “आई, आजोबांचा प्रश्न बेस्ट होती.” त्या चार दिवसांच्या इंग्रजीनंतर हे चुकीचं मराठी मला फार बरं वाटलं.

मुक्ता तिसऱ्या वर्षाला असताना काका कायमचे नागपूरला परत निघाले. निरोपाला आले तेव्हा मुक्तासाठी भिंग घेऊन आले होते. मी चहा विचारला. म्हणाले, “नको.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण आता मी त्यांचीच शिष्या. “बरं” म्हटलं आणि गॅस बंद केला. काकांनी टेबलावरचं भिंग इकडून तिकडे सरकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

“सुलभा, आज जरा आग्रह कर.”