कडुलिंबाचा पाला

पाडव्याला कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. धानाच्या रोवणीत बहिणीला साप चावला, तेव्हा मामानं तिला हाच पाला चावायला लावला. विष चढलं की पाला कडू लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तिला कडू लागलं, म्हणून विष चढलं नाही म्हणत तो नुसता मंत्र पुटपुटत बसला. तिच्या पापण्या मिटायला लागल्या तसं मी तिला दवाखान्यात नेलं. विषावरचं औषध चढलं आणि तिच्या अंगभर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. "घोड्याच्या रक्ताचं औषध हाये, मारून राह्यले पोरीले!" ओरडत मामा सलाइन उपटायला धावला. "घोड्याचंच आहे, त्यानंच वाचेल," डॉक्टरीणबाई खेकसल्या. त्यांनी ते थांबवून गांधी बसवायची सुई दिली, मग हळूहळू पुन्हा सोडलं. बहीण वाचली. मामा गावभर अजून मंत्रानंच वाचली म्हणून सांगतो. यंदा पाडव्याला मी पाला त्याच्या हातावर ठेवला. "चावा मामाजी. कडू लागते का?"