चेन उतरली

आमच्या सायकल मंडळात कोणी दमत नाही. दम लागणं, पायात गोळे येणं, पाठ धरणं, असलं काही आमच्यापैकी कोणालाही होत नाही. फक्त अधूनमधून कोणाची तरी चेन उतरते. चढावर श्वास फुलला की तो माणूस सायकल बाजूला घेतो आणि म्हणतो, "चेन उतरली." मग सगळे थांबतात. ज्याची उतरली तो सायकलीशेजारी उकिडवा बसून चेनला उगाच बोट लावत राहतो. बाकीचे पाणी पितात, डोंगराकडे बघतात, कोणाच्या नातवाचं लग्न कुठे ठरलं ते बोलतात. जरा वेळाने तो उठून हात झटकतो, "लागली" म्हणतो आणि सगळे निघतात.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी शोभा झाली नसती.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. समोर आलेला नमुना तपासायचा, असेल ते लिहायचं, नसेल ते लिहायचं नाही. साहेब रागावले, गाडी गेटवर खोळंबली, तरी आकडा बदलायचा नाही. निवृत्त झाल्यावर अंबरनाथ पश्चिमेची जागा विकून आम्ही बदलापूरला, कुळगावच्या पुढे, एका गावाला खेटून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत आलो. दर रविवारी उजाडताना खिडकीखालून पांढऱ्या केसांची एक टोळी घंट्या वाजवत, मोठमोठ्याने हसत जायची. झोपमोड करतात म्हणून आधी मी चिडायचे. मग त्यांची वाट बघायला लागले. आणि एक दिवस जाऊन सायकलच घेतली, पुढे टोपली असलेली, ओढणी अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर बसवलेली. मुलगी फोनवर म्हणाली की या वयात हाड मोडलं तर मी रजा काढणार नाही. मी म्हटलं, नको काढूस.

पहिल्या रविवारी धरणाच्या रस्त्याला लागलो आणि मंडळातल्या फोरमनसाहेबांची चेन उतरली. हे एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झालेले, अजूनही शर्टाच्या खिशात पेन लावून सायकल चालवणारे गृहस्थ. मदत करावी म्हणून मी उतरले, चष्मा वर सरकवला, वाकून नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अहो, चेन जागेवर आहे. काहीही झालेलं नाही."

फोरमनसाहेबांचे कान लाल झाले. उल्हासनगरचे शेठ एकदम झाडावरचे पक्षी बघायला लागले. तेव्हा आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना अख्खं गाव दादूस म्हणतं, ते मला जरा लांब घेऊन गेले. "बाय," ते म्हणाले, "चेन उतरली सांगली म्हंजे उतरली. ती बगाची नसते."

घरी येईपर्यंत मला ते पटलं नाही. साठी उलटलेली माणसं आणि शाळेतल्या पोरांसारखी थाप मारतात, सरळ दमलो म्हणायला काय जातं? त्याच दिवशी मी ठरवलं की माझी चेन कधीही उतरणार नाही. उतरलीही नाही. जीभ बाहेर आली, कानात ठोके वाजायला लागले, तरी मी ते दोन शब्द तोंडातून काढले नाहीत. शेठ मला लॅबवाली मॅडम म्हणायला लागले. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं होऊन मी त्या माणसांच्या प्रेमातच पडले.

शेठचं कापडाचं दुकान आहे. ते बदलापूरपर्यंत सायकल टेम्पोत घालून येतात आणि उल्हासनगरहून सायकलवरच आलो असं शपथेवर सांगतात. येताना घरची कोकी आणतात, कांदा घातलेली जाड खरपूस सिंधी पोळी, आणि ती संपेपर्यंत कोणाला घरी जाऊ देत नाहीत. फोरमनसाहेब प्रत्येकाच्या सायकलचा आवाज ऐकून तिचं कुठे दुखतंय ते सांगतात. आणि दादूस म्हणजे तर काय सांगावं. पंचाहत्तरी मागे पडली आहे. हाफ पँट, कानटोपी आणि भाताच्या गोणी वाहिलेली काळी दांड्याची सायकल. ज्या शेतात त्या गोणी भरल्या तिथे आता आमची इमारत आहे, पण त्याबद्दल ते कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त उतार आला की कानटोपी काढून काखेत धरतात, दोन्ही पाय पॅडलवरून उचलून पुढे लांब करतात आणि कुठल्याही लहान मुलाने ओरडावं तसे ओरडत खाली जातात. तो एक उतार बघायला मी आठवडाभर थांबते.

या वर्षी थंडीत दादूसना अंगणात चक्कर आली. डॉक्टरांनी तपासून गोळी बदलून दिली, बाकी काळजीचं काही नाही म्हणाले. पण त्यांचा मुलगा घाबरला होता. मुलगा चांगला आहे, बापावर जीव आहे, म्हणून तर घाबरला. त्याने सायकल बंद म्हणून सांगितलं. दादूस जेवेनात. शेवटी दोघांत ठरलं ते असं: येत्या रविवारी मुलगा स्कूटरवरून मागे येणार. धरणाच्या चढावर दम लागून बाप एकदा जरी थांबला, तरी सायकल माळ्यावर जाणार. नाही थांबला तर मुलगा पुन्हा हा विषय काढणार नाही.

त्या रविवारी निघताना चहाच्या टपरीवर दादूसनी हे आम्हाला सांगितलं, अगदी दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. मुलगा समोरच स्कूटरवर बसला होता. कोणी काही ठरवलं नाही, ठरवायला वावच नव्हता. शेठनी नुसतं चहाचं बिल देऊन टाकलं, जे ते एरवी करत नाहीत.

पुलापर्यंत सगळे नेहमीसारखे गेलो. धुकं होतं, रस्त्याकडेच्या शेतातून वालाच्या शेंगांचा वास येत होता, आणि मागे स्कूटर हळूहळू फुरफुरत होती. चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर दादूसचे खांदे डावी-उजवीकडे झुलायला लागलेले मला दिसले. त्याच क्षणी फोरमनसाहेब म्हणाले, "चेन उतरली." आता हा माणूस माझ्या शेजारून शीळ घालत चालला होता, त्याला कसला दम लागतोय. पण ते खाली बसले आणि इतका वेळ चेन चिवडत राहिले की हाताला खरंच काळं लागलं. दादूस एक पाय दगडावर टेकवून उभे राहिले. फोरमनची चेन उतरली म्हणून थांबले होते, दम लागून नव्हे.

पुढच्या वळणावर शेठची उतरली. "अरे यार, मेरी भी गयी," म्हणत त्यांनी त्यांची महागडी गिअरची सायकल चक्क आडवी टाकली. त्यानंतर मागच्या आणखी दोघांची उतरली. मुलगा बघत होता. त्याला हा प्रकार ठाऊक नव्हता, त्यामुळे या म्हाताऱ्यांच्या सायकली किती वाईट अवस्थेत आहेत याचंच त्याला नवल वाटत असावं.

मला मात्र राग येत होता, सगळ्यांचाच. असली अट घालणाऱ्या मुलाचा, ती मान्य करणाऱ्या दादूसचा आणि चेन चिवडणाऱ्या या मंडळींचा. दादूसच्या मानेवर घाम होता. आपण यांना सांभाळतोय की यांच्या जिवाशी खेळतोय, हे मला कळेना. शेवटून दुसऱ्या वळणापाशी त्यांचं पुढचं चाक डुगडुगायला लागलं. मी इकडेतिकडे बघितलं. एका फेरीत एकाची चेन एकदाच उतरू शकते, दोनदा उतरली तर तो दमला असं धरतात, हाही आमचाच कायदा. सगळ्यांच्या उतरून झाल्या होत्या. माझी राहिली होती.

"थांबा," मी म्हटलं. "माझी चेन उतरली."

सगळे वळले. फोरमनसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं तर हसू येतं. मी सायकल बाजूला घेतली, ऐटीत उकिडवी बसले, चेनला बोट लावायला हात पुढे केला, आणि हाताला लागलं चेनकव्हर. पूर्ण, वरून खालून बंद. तिथे चेन दिसतच नाही. मी ते कव्हरच पुसायला लागले.

तेवढ्यात मुलगा स्कूटर लावून आला. "काकू, सरका, मी लावतो," म्हणाला. बिचारा खरंच मदतीला आला होता. त्याने मागचं चाक उचललं, हाताने पॅडल फिरवलं. चाक झकास फिरलं. त्याने पुन्हा फिरवलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. खोटा रिपोर्ट लिहिताना पकडल्यावर माणसाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मग त्याने मान वळवून बापाकडे बघितलं. दादूस कठड्यावर बसले होते, कानटोपी मांडीवर, श्वास खाली बसलेला, आणि शेठनी दिलेली कोकी चवीने खात होते. मुलगा बराच वेळ तिकडे बघत राहिला. नंतर फोरमनसाहेबांच्या काळ्या हातांकडे, शेठकडे, मागच्या त्या दोघांकडे.

मला वाटलं, संपलं. आता हा सगळ्यांसमोर बोलणार.

त्याने चाक खाली ठेवलं. "लागली, काकू," म्हणाला आणि स्कूटरकडे गेला.

आम्ही निघालो. शेवटचं वळण सर्वांत वाईट आहे, रस्ता अंगावर येतो. अर्ध्यात दादूसचे खांदे पुन्हा झुलायला लागले. त्यांचा श्वास मागे असलेल्या मलाही ऐकू येत होता. आता कोणाकडेच काही उरलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, थांबा हो दादूस, राहू दे ती सायकल, थांबा. ते थांबत नव्हते.

मागे हॉर्न वाजला.

"थांबा जरा," मुलगा म्हणाला. "स्कूटरची चेन उतरली."

स्कूटरला चेन नसते. आत पट्टा असतो, तोही झाकलेला. हे शेठला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि फोरमनसाहेबांना तर आपल्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. ते शांतपणे स्कूटरभोवती फिरले, टायरला हात लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "हं."

दादूस सायकलचा दांडा धरून उभे होते. मुलाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मंग सायकल?"

"अंगणातच राहूंदे," मुलगा म्हणाला. "पुढच्या रविवारी निघायच्या आधी तेल घालतो. तुमच्या चेनला पण, माझ्या चेनला पण. आता बसा बाबा, लागेपर्यंत."

दादूस बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते कानटोपीने घाम पुसल्यासारखं करत होते. आम्ही कोणी तिकडे बघितलं नाही. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला, कारण पहिल्या दिवसापासून तपासणी माझ्याकडे होती.

मी सायकल लावली, चष्मा वर सरकवला, स्कूटरपाशी वाकून नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उतरली आहे. चांगलीच उतरली आहे. वेळ लागेल."