सयाजीकाकांचा 'पास'

थेरगावच्या सयाजीकाकांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, इन्स्पेक्शनला गेली. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, गेजच्या मापात नीट बसला की 'पास' म्हणायचं आणि पुढे सोडायचा. घरी वरण चाखूनही ते 'पास'च म्हणत.

रिटायर झाल्यावर व्यावसायिक सायकलपटूंची एक दिवसाची शर्यत चाकणच्या माळावरून जाणार म्हणून त्यांनी स्वयंसेवकांत नाव दिलं. काम साधं होतं. फाट्यावर आडवी दोरी धरायची आणि झाडू बांधलेली शेवटची गाडी जाईपर्यंत कुणाला रस्त्यावर सोडायचं नाही. आपल्या फाट्यावर कुणी पडायला नको, हाच घोर त्यांना सकाळपासून लागला होता.

माळ सपाट, वारा आडवा. दोरीमागे जवळच्या वस्तीवरच्या तानाबाई दोन म्हशी घेऊन उभ्या.

"सोडा की भाऊ, तहानल्यात त्या."

"सायकली जाऊ द्या, मावशी."

"माज्या म्हशी काय शर्यतीत उतरत न्हाईत!"

तेवढ्यात सायकलींचा घोळका सर्रकन निघून गेला. त्यातल्या कुणीतरी पाण्याची बाटली रस्त्यात टाकली. काकांच्या वॉकीटॉकीवर आवाज आला, "पहिला ग्रुप पास!"

'पास' कानावर पडलं आणि काकांच्या हातातून दोरी सुटली.

म्हशी निघाल्या. एक पलीकडे पोचली. दुसरी रस्त्याच्या मधोमध थांबून त्या गळक्या बाटलीला हुंगू लागली. वॉकीटॉकी पुन्हा बोलला, "वाऱ्याने घोळका तुटलाय. मागचे येतायत, सगळा रस्ता व्यापून!"

वळणावर सायकलींची तिरकी रांग दिसली. काका लाल झेंडा हलवत तिच्या दिशेने धावले.

"मावशी, ओढा तिला!"

"ही काय ओढून येती व्हय!" तानाबाईंनी वाकून बाटली उचलली आणि म्हशीच्या नाकापुढे धरून चालू लागल्या. म्हैस मुकाट्याने त्यांच्यामागे गेली. तिची शेपटी रस्त्याबाहेर जाते न जाते तोच सायकली सुसाट निघून गेल्या. कुणाला खरचटलंही नाही.

काकांनी परत येऊन दोरी ताणली. "दुसरा ग्रुप पास" आलं, तरी ते हलले नाहीत. अखेर झाडूवाली गाडी गेली.

"पास!" काका स्वतःच मोठ्याने म्हणाले आणि दोरी गुंडाळू लागले.

"भाऊ, दोरीचा गुंता का हुतोय?" पलीकडून तानाबाई ओरडल्या.

"वारा आहे, मावशी."

"व्हय, व्हय. वाराच आसंल," म्हणत त्यांनी उरलेलं पाणी म्हशीच्या तोंडात ओतलं.