कार्बन कसला वो

मी रत्नागिरीच्या शाळेत रुजू झाले ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. आधीचे विज्ञानाचे सर सुट्टीतच हृदयविकाराने गेले होते. नववीचा अणूवरचा धडा त्यांनी अर्धवट सोडला होता. तो मला पुरा करायचा होता.

पहिल्या तासाला उजळणी म्हणून मी फळ्यावर कार्बन लिहिला. केंद्रकात सहा प्रोटॉन, म्हणून अणुअंक सहा. "यात आणखी एक प्रोटॉन घातला तर?" मी विचारलं.

"मग तो कार्बन कसला वो!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. शेवटचा 'वो' लांबवलेला, हळूहळू खाली उतरत गेलेला. लगेच एकदोघांनी दाराकडे पाहिलं.

मला काही कळेना. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सर असंच म्हणायचे. ते लांज्याकडचे ना."

मी सरांना कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. पण पोरांच्या तोंडून एक पन्नाशीचा, किंचित घोगरा माणूस माझ्यासमोर बोलून गेला होता.

मी घाईने पुढचं शिकवायला घेतलं. सोडियमचा इलेक्ट्रॉन निघून गेला तरी तो सोडियमच राहतो, कारण त्याचे अकरा प्रोटॉन जागेवर असतात. इथवर सर पोचलेच नव्हते. इथे मुलांकडे सरांचं वाक्य नव्हतं; ती नुसती वहीत उतरवून घेत राहिली.

काही दिवसांनी सरांच्या पत्नी त्यांची छत्री आणि डबा न्यायला शाळेत आल्या. तास संपवून मी बाहेर आले, तर त्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या तासालाही कार्बनचा प्रश्न निघाला होता आणि मुलांचं उत्तर त्यांनी ऐकलं होतं.

"हे तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"नाही वहिनी. सरांनीच."

"घरी फार बोलत नसत हो. मला आता आवाजच आठवेनासा झालाय." मग ओशाळून म्हणाल्या, "पुन्हा आले तर चालेल?"

त्या येत राहिल्या. धडा संपला, परीक्षा जवळ आली, तरी त्या बाहेर दिसल्या की मी काहीतरी निमित्त काढून कार्बनवर येई. मुलांना सगळं ठाऊक होतं. ती हसत नसत. खड्या आवाजात, मनापासून उत्तर देत.

जूनमध्ये नवी नववी आली. या मुलांना सरांनी कधीच शिकवलं नव्हतं. वहिनी येऊन उभ्या राहिल्या आणि मी कार्बनचा प्रश्न टाकला.

"मग तो कार्बन कसला वो!"

हुबेहूब तोच सूर. कुणी शिकवला त्यांना? थोरल्या भावंडांनी असेल. नाहीतर मीच, नकळत.

मी धावत बाहेर गेले. "सूर तोच आहे," वहिनी म्हणाल्या, "पण हे नाहीत त्यात." त्यांनी माझा हात क्षणभर धरला आणि निघून गेल्या. शाळेत परत आल्या नाहीत.

वर्गात मात्र दरवर्षी तेच उत्तर येतं. आलं की मी पाठ फिरवून थोडा वेळ फळा पुसत राहते.

वहिनी कधीमधी मांडवीच्या किनाऱ्यावर भेटतात. बांगडा महागला, वारा पडलाय, असं काहीबाही बोलतो. शाळेचं दोघीही काढत नाही.