दादाने शिकवलं, मी पास झाले

दुर्ग स्टेशनवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा माझी बॅग घेऊन दादाच आधी डब्यात चढला. बॅग सीटखाली सारली, साखळीने बांधली, किल्ली माझ्या हातात दिली आणि उतरून आई-बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला. आई रडत होती. बाबा तिला म्हणत होते, "पोरगी नोकरीले जाऊन राहिली, अन् तू कावून रडून राहिली?" गाडी हलली तेव्हा दोघांनी हात केला. दादा मोबाइलमध्ये बघत होता.

मी त्याला कधी दोष दिला नाही. ज्या परीक्षेमुळे मला ती नोकरी लागली, ती आम्ही दोघांनी एकाच दिवशी दिली होती.

नेटवर्किंगचं वेड मुळात त्याचं. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क, आमचं घर म्हणजे प्लांटच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. दादा हथखोजच्या एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटर, केबल, कॅमेरे सांभाळायचा. नेटवर्किंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट मिळालं की मोठ्या शहरात जायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. एकदा परीक्षेला बसून थोडक्यात नापासही झाला होता. मी बी.एस्सी. होऊन घरी होते, स्थळं बघणं चाललं होतं. तो म्हणाला, "तूही बस माझ्यासंगं. एकट्यानं अभ्यास होत नाही."

शिफ्टवरून आला की चहा घेऊन तो फरशीवर खडूने आकृत्या काढत बसायचा. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनचा आकडी पत्ता, आणि त्याच्यासोबतचा मास्क माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्याने आमच्याच क्वार्टरचा पत्ता लिहिला. "हे पाह्य. सेक्टर अन् स्ट्रीट म्हणजे नेटवर्क. क्वार्टर नंबर म्हणजे मशीन. पत्त्याचा कोणता भाग मोहल्ल्याचा अन् कोणता घराचा, एवढंच हा मास्क सांगते." पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं कुणी सांगितलं नाही. फरशी पुसायला आलेली आई आकृतीभोवतीने पुसून जायची.

त्याची अडचण इंग्रजीची होती. बारावीपर्यंत हिंदी मीडियम. चार ओळींचा प्रश्न तो दोनदा वाचायचा, मग मनात हिंदीत करायचा, मग उत्तर. उत्तर बरोबर यायचं, पण घड्याळ थांबत नाही.

परीक्षा रायपूरला होती, शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर. एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न परत उघडत नाही. माझं आटोपलं, स्क्रीनवर 'पास' आलं, आणि मी बाजूला बघितलं. दादाची बोटं कीबोर्डवर नुसती ठेवलेली होती. एका मोठ्या प्रश्नावर तो अडला होता. सोडवता येत असलेला प्रश्न अर्धा सोडून पुढे जाणं त्याला जमलं नाही. त्यातच वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. लोकलमध्ये खिडकीशी बसून तो म्हणाला, "दाखव."

"काय?"

"लपवू नको. मीच शिकवलं ना तुले?"

मी कागद दिला. त्याने एकेक विषयाचे मार्क वाचले, सावकाश, त्याच्या सवयीप्रमाणे. "राउटिंगमध्ये कमी पडले तुले," म्हणाला, आणि कागद परत केला. पॉवर हाउस, म्हणजे आमचं स्टेशन, येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. घरी मात्र मी पास झाल्याचं त्यानेच सगळ्यांना सांगितलं. स्वतःचं काय झालं, ते बाबांनी विचारल्यावरच सांगितलं.

पुण्यात आता इतकी वर्षं झाली. मोठमोठ्या ऑफिसांची नेटवर्क्स आमची टीम सांभाळते. सुरुवातीला माझं 'मले-तुले' ऐकून पोरी हसायच्या, विचारायच्या, "तू मूळची कुठली गं?" भिलाई म्हटलं की म्हणायच्या, "तिथे मराठी लोक आहेत?" मी 'मला-तुला' शिकले. घरी फोन केला की परत 'मले' होतं, पण आता ते जरा ठरवून बोलल्यासारखं वाटतं.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. आता सगळे भिलाईजवळच कुरुदला दोन खोल्यांत राहतात. दादा अजून हथखोजलाच जातो. पुन्हा बस म्हणून मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला, "इथं आई-बाबांजवळ कोणी पाहिजे ना." मी गेले म्हणून त्याला राहावं लागलं, हे आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

मागच्या उन्हाळ्यात गेले होते. घरातलं नेट बंद पडलं होतं. दादा केबल बदलून बघत होता, राउटर पुन्हा पुन्हा चालू करत होता. मला मिनिटभरात कळलं की केबल ठीक आहे, सेटिंगमधला एक पत्ता चुकलाय. बाबा म्हणाले, "तू पाह्य ना जरा. तुयं तर कामच हाय हे."

"मले नाही समजत घरातलं," मी म्हणाले. "दादालेच माहीत."

दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम म्हणतेय, हे त्याला कळलं. तो पुन्हा खाली वाकला. मी त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिले. तासाभराने त्याला तो पत्ता सापडला.

पुण्यात मला जे येतं, त्यावर माझं सगळं चालतं. कुरुदच्या त्या खोलीत मी म्हणते, मला येत नाही, आणि दादा मला तसं म्हणू देतो. घर म्हणून आता माझ्याकडे एवढंच आहे.