अप्पांची ज्वारीची बिअर

आधीच माफी मागतो. अप्पांवर लिहायला त्यांच्या नात्यातली, धंद्यातली जाणती माणसं आहेत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि ज्या बिअरसाठी अप्पा ओळखले जायचे ती मी आजवर चाखलेलीसुद्धा नाही. तिची चव आमच्या मेंढ्यांनाही सांगता येणार नाही, कारण त्यांच्या वाट्याला यायचा तो चोथा. पण अप्पांची नि आमची ओळख त्या चोथ्यामुळेच झाली. ते जाऊन आता महिना होत आला, तरी दादा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन परतताना अप्पांच्या शेडपाशी थांबतात. खरं तर दादा थांबत नाहीत, मेंढ्या थांबतात... आणि मग दादांनाही पुढे जाववत नाही.

अप्पा चौसाळ्याच्या एका किराणा दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. घरात पिढ्यान् पिढ्या गूळ, डाळी आणि खोबरं विकलेलं. हे मात्र पुण्याकडे बिअरच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीला लागले, बरीच वर्षं तिथं काढली आणि एक दिवस परत आले ते डोक्यात ज्वारीची बिअर घेऊन. रीतसर परवाना काढला, हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून भरडायची, मोठ्या हंड्यांत शिजवायची. वाण्याचं पोर बिअर काढतंय म्हणून गाव आधी हसलं, मग वास कुठून येतोय ते बघायला आलं. त्या वासावरच आमचा कळप पहिल्यांदा रस्ता सोडून आत घुसला. दादा काठी घेऊन मागे धावले, तर अप्पा दारात उभे राहून मोठमोठ्यानं हसत होते. "मारू नको बे त्यांला," ते म्हणाले. "गावात पहिलं गिऱ्हाईक आलंय माझं!" गाळून उरलेला गोडसर चोथा त्यांनी दोन टोपली बाहेर ओतला. तेव्हापासून तो आमचाच. आईला सुरुवातीला ते पसंत नव्हतं. मेंढ्या झिंगतील अशी तिला भीती होती. चोथ्यात नशा नसते हे अप्पांनी घरी येऊन, चहा घेत, तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि तरीही पहिले काही दिवस एकेक मेंढी सरळ चालते का ते बघत बसली.

अप्पा स्वतः घोटभरच प्यायचे, तेही डोळे मिटून. मी शेजारी असलो की म्हणायचे, "कॉलेजवाले, तुमी वास घ्या फक्त. वयाचे झालात की या." हायवेवरच्या, पाटोद्याकडच्या हॉटेलांनी त्यांची पिंपं घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांत पहिले होते चौसाळ्याचे बन्सीभाऊ. त्यांच्या परमिट रूममध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर अप्पांनी स्वतःच्या हातानं पितळी तोटी बसवली. पिंप खाली, तोटी वर, आणि बन्सीभाऊ दांडा ओढून गिलास भरायचे.

मग कंपनी आली. मोठी, सगळ्या देशात माल विकणारी. मला वाटायचं, मोठी कंपनी येते म्हणजे भांडण होत असेल, धमक्या येत असतील. तसं काहीच झालं नाही. कंपनीनं अप्पांबद्दल एक वाकडा शब्द वापरला नाही. त्यांचं नावही तिला ठाऊक नसावं. तिनं हॉटेलवाल्यांना फक्त फ्रीज दिले, फुकट. वर दिव्यांची पाटी, छत्र्या, खुर्च्या, गिलास. अट एकच, दुसऱ्या कुणाची बिअर ठेवायची नाही. एकेक हॉटेल गेलं. दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हौदावर मोठा कळप आला की भांडण थोडंच होतं? बारका कळप मागं उभा ऱ्हातो. त्याची पाळी येईस्तोवर पाणी सरलेलं असतं." एवढं नेमकं मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

शेवटी एकटे बन्सीभाऊ उरले, आणि भर उन्हाळ्यात त्यांचाच जुना फ्रीज बसला. त्यांनीही कंपनीचा घेतला. तोटी काढून टाका, असं फोनवर सांगण्यात आलं. बन्सीभाऊंचा हात धजेना. हाताला लागलं ते पिवळं फडकं त्यांनी तिच्यावर घट्ट गुंडाळून बांधलं. दुसऱ्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरनं जाता जाता तिला हात जोडले. आठवड्याभरात कुणी तिथं उदबत्ती खोचली. कंपनीचा माणूस तपासणीला आला, तो भिंतीकडे बघून बुटांतून पाय काढत म्हणाला, "कुठले देव?"

"आमच्या गावचेच हायेत," बन्सीभाऊ म्हणाले, आणि तोटी वाचली.

हे ऐकून अप्पा स्वतः बघायला गेले. मला वाटलं होतं, ते चिडतील. भिंतीपुढं उभे राहिले, फडक्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागले. "बन्शा, मला जित्तेपणीच देव्हाऱ्यात बसवलंस की रे!"

बन्सीभाऊंची मान खाली. "अप्पा, कसं तोंड दाखवू तुमाला..."

"तोंड ऱ्हाऊ दे, चहा दाखव."

पण त्यानंतर शेडमधली चूल रोज पेटेनाशी झाली. हा धंदा त्या एका तोटीवर उभा होता. ती बंदच राहिली तर शेडला कुलूप, हे त्यांनी दादांजवळ एकदाच बोलून दाखवलं. तरी शेवटचं म्हणून एक पिंप त्यांनी भरलं आणि थंड खोलीत ठेवून दिलं. "पडून ऱ्हाऊ दे, बघू," म्हणाले. पुढं हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यांना बीडच्या दवाखान्यात ठेवलं. माझं वसतिगृह जवळच. कॉलेज सुटलं की मी जायचो. ते तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. मी दारात दिसलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"फडकं?"

"बांधलेलंच हाय, अप्पा."

"बरं," म्हणायचे, आणि मग आमच्या मेंढ्यांची नावानिशी चौकशी.

त्या दुपारी वर्गाबाहेर आलो तर दादांचा फोन. ते कळपासकट बन्सीभाऊंच्या दारात उभे होते आणि मागून मेंढ्या इतक्या ओरडत होत्या की निम्मं मला ओरडूनच विचारावं लागलं. कंपनीनं आता महिन्याला एवढा माल उचलाच म्हणून आकडा बांधून दिला होता. तेवढा खपेना. त्यात फ्रीजमध्ये कोथिंबीर आणि दह्याचं पातेलं सापडलं म्हणून तपासणीवाला वर तोंड करून बोलला. बन्सीभाऊंनी पातेलं बाहेर काढलं आणि म्हणाले, "न्या तुमचं कपाट." फ्रीज टेम्पोत चढला, आणि बन्सीभाऊ थेट अप्पांच्या शेडकडे गेले, पिंप आणायला.

मी दवाखान्यापर्यंत पळतच गेलो. अप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी मला बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

"सुटलं, अप्पा. फडकं सुटलं. बन्सीभाऊ पिंप जोडतायत."

अप्पांनी मास्क बाजूला केला. नर्स ओरडली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. उजवा हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेतच त्यांनी दांडा ओढला, हळूच, खाली. चेहराभर हसू.

"बन्शाला फोन लाव आधी," ते म्हणाले. "लई दिवसांची बंद तोटी हाय. पैला गिलास नुस्ता फेसाचा येईल. भिऊन बंद करू नको म्हणावं... दुसऱ्यापासून बिअर येती."