सातव्या मजल्याचं दार

बातमीदाराच्या घरात रद्दी साठते तसे किस्सेही साठतात. रद्दीवाला महिन्याला येऊन रद्दी नेतो, किस्से मात्र कोणी नेत नाही. बीडमध्ये मी इतकी वर्षं बातमीदारी केली. पाणी, रस्ते, निवडणुका, सगळ्यांवर भांडलो. आणि तरी जुने दोस्त जमले की कोणी माझ्या गाजलेल्या बातम्यांबद्दल विचारत नाही. म्हणतात, "ते गेमचं सांगा." मग सांगावं लागतं. सुरुवात माझ्याच एका बातमीपासून होते, हे आधीच कबूल करतो.

*

नव्वदनंतर आमच्याकडे केबल आली, एसटीडीचे बूथ आले आणि बसस्टँडच्या मागं अप्पांचं व्हिडिओ पार्लर आलं. अप्पा म्हणजे कपाळाला विभूती, पांढरं धोतर, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. त्यांनी किराणा अर्ध्यात आणला आणि उरलेल्या जागेत कपाटाएवढी लाकडी मशीन उभी केली. आत रंगीत टीव्ही, बाहेर दांडा आणि दोन बटणं.

गेम एकच. एक तलवारवाला सात मजली किल्ला चढतो. सहा मजल्यांवर राक्षस, वटवाघळं, वरून पडणारे दगड. सातव्यावर काही नाही, फक्त एक बंद दार आणि वर सरकत संपत जाणारी वेळेची पट्टी. पट्टी संपली की खेळ खलास.

पार्लरचा नियमही एकच. दिवेलागणीला अप्पांच्या बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, देवाजवळ दिवा लावत. त्या वेळी दुकानात जो असेल त्यानं हातातलं सोडायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. राक्षस काही डोळे मिटत नसत! त्यामुळे गावातली तरबेज खेळणारी मंडळी दिवा लागायच्या आत खेळ आटोपून बाहेर पडत.

मी चौकशी केली. सातव्या मजल्यावर पोचलेले नऊजण भेटले. दार कोणाचंच उघडलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. लोकांना चढवायचं आणि वर कुलूप लावून ठेवायचं? मी तीन कॉलमी बातमी ठोकली : 'सातव्या मजल्याचे दार उघडतच नाही, पार्लरचालकाकडून ग्राहकांची फसवणूक.' दिवाबत्तीच्या नावाखाली लोकांचे डाव बुडवले जातात, हेही शेवटच्या परिच्छेदात घातलं.

महिन्याभरात पार्लर बंद पडलं. मशीनवर गोणपाट पडलं आणि अप्पा परत गूळ-शेंगदाण्याकडे वळले.

*

अप्पांनी भांडण केलं नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. ते फक्त मी दिसलो की विचारायचे, "साहेब, खुलासा कधी छापताव?"

मी म्हणायचो, "दार उघडून दाखवा, छापतो."

"उघडतंय. म्या या डोळ्यांनी बघितलंय. चौसाळ्याचे एक मास्तर खेळत होते."

"काय केलं मास्तरांनी?"

"काईच केलं न्हाई."

"काहीच न करता दार उघडलं?"

"व्हय."

मी हात जोडून निघायचो. असं सात-आठ वर्षं चाललं. बाजारात, लग्नात, एकदा तर मयतीत. सरणाला अग्नी दिला जात होता आणि हे कानाशी येऊन म्हणाले, "जेवढ्या टायपात अप्पा लबाड, तेवढ्याच टायपात अप्पा खरा. येवढंच मागनं हाय."

"दार उघडलं तर तेवढ्याच टायपात छापीन," मी म्हणालो. मयतीत माणूस काहीही कबूल करतो. पण शब्द दिला तो दिला. आणि सांगतो, तोवर माझ्या नावावर एकही खुलासा नव्हता. सगळ्या जिल्ह्यात हे मी मिरवत होतो.

*

मग एके दिवशी अप्पा ऑफिसात आले आणि पहिल्यांदाच न विचारता बसले.

"जावयाला दुकानात इंटरनेट टाकायचाय. सोमवारी मशीन भंगारात जानार. त्याच्या आत निकाल लावा. न्हाई तर म्या मरेपर्यंत लबाडच."

आमचा फोटोग्राफर दिगू उडालाच. "अप्पा, मशीन कशाला पाहिजे? माझ्याकडं टीव्हीला लावायचा गेम हाय. नगरहून आणलाय. एका कॅसेटमधी हजार गेम!"

अप्पांना घेऊन दिगूच्या घरी गेलो. हजारातले पहिले पाच वेगळे होते, पुढं तेच पाच नावं बदलून फिरत होते. त्या पाचात किल्ला निघाला. तोच तलवारवाला, तेच संगीत. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेम हातात घेतला आणि खरं सांगतो, खाली ठेववेना. वटवाघूळ मारलं तेव्हा मी दिगूच्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली. ते झोपले होते.

दुपारभर खेळून दिगू पाचवा मजला चढला आणि आला परत पहिल्यावर. किल्ला पाच मजलीच!

"बघा," मी अप्पांना म्हणालो, "दार तर सोडाच, सातवा मजलाच नाही."

अप्पा शांतपणे म्हणाले, "ही नक्कल हाय. तुमी नकलेवरून अस्सलाचा निकाल देता का?"

दिगू पुटपुटला, "पॉइंट हाय बे."

*

आमच्या ऑफिसात तेव्हा कॉम्प्युटर नवा आला होता. त्याच्यावर सय्यद बसायचा. सय्यद पूर्वी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याला बातमी कधी आठवत नसे, तिच्या मथळ्याचा टाइप, म्हणजे अक्षर किती पॉइंटांचं होतं ते, आठवायचं. एखादा पुढारी गेला म्हटलं की तो म्हणे, "कौन, वो छत्तीस पॉइंटवाले?"

सय्यदनं कुठून तरी सीडी पैदा केली. किल्ला सुरू झाला आणि कोणी बटणाला हात लावायच्या आत तलवारवाला मेला. परत सुरू केला, परत मेला. नवा कॉम्प्युटर इतका पळत होता की राक्षस धावत येण्याऐवजी एकदम तिथंच असायचे.

"साहेब," सय्यद म्हणाला, "ह्यो तर अपन रात्री पेज छपाईला सोडायच्या टायमाला पळतो तसा पळायलाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी सीडी आणली. तिच्यात वेग बरोबर होता, आणि वर एक सोय होती. हवं तिथं खेळ राखून ठेवायचा, मेलं की तिथूनच उठायचं.

दिगूनं डोळे मोठे केले. "म्हंजी मरायचंच न्हाई?"

"मरो ना, कितना भी मरो."

दिगू मरत आणि उठत तासाभरात सातव्यावर पोचला. समोर दार! आम्ही तिघं खुर्चीवरून उठलो. दिगूनं तलवार चालवली. पट्टी संपली. सय्यदनं परत उठवलं. परत तलवार. चाळीस वेळा तरी झालं असेल, दाराचा टवकाही उडाला नाही.

मी अप्पांना फोन केला. ते आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले.

"मेलेला मानूस परत उठतोय?"

"हो."

"आन् परत तेच करतोय?"

"हो."

"मग ह्याला शंभर जन्म दिले तरी काय उपेग? आमच्या मशीनवर एकच जीव होता. मानूस जपून वागायचा."

मी वैतागलो. "अप्पा, टीव्हीवर खेळलो तर नक्कल, कॉम्प्युटरवर खेळलो तर जन्म जास्त. तुम्हाला निकाल पाहिजे की कारणं?"

"मला अस्सल मशीन पायजे. तुमी बातमी तिची छापली, ह्या डब्याची न्हाई."

मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, म्हणून जास्तच राग आला.

*

साक्षीदार तरी तपासू म्हणून शनिवारी दिगूच्या गाडीवर चौसाळ्याला गेलो. मास्तर रिटायर झाले होते, दारात बसून पोत्याला टाके घालत होते.

"हो, आठवतं ना," ते म्हणाले. "एसटी चुकली होती. पहिल्यांदाच खेळलो आणि सातव्यावर गेलो. नशीब."

"मग दार?"

"बंद होतं."

मी वही उघडली. "आणि नंतर?"

"नंतर मी पहिल्या मजल्यावर होतो. मधलं काही बघितलं नाही बुवा. मेलो असेन."

परतताना मी गाडीवर मागं बसून गाणं म्हणत होतो. साक्षीदार फुटला होता. दिगू बीड जवळ आल्यावर म्हणाला, "साहेब, अप्पाचं तोंड मी न्हाई बघनार. तुमीच सांगा."

मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "उद्या इतवार हाय. मशीन चालू करा. तिथं न्हाई उघडलं तर परत कधी तोंडातून काढनार न्हाई."

*

मधेच एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. सय्यद जेवायला गेला की मी कॉम्प्युटरवर बसायचो. अंगठ्याला फोड आला. एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद होती, बाजार समितीच्या नव्या इमारतीबद्दल. ते म्हणाले, चार मजली होणार. मी उठून विचारलं, "वरच्या मजल्याचं दार उघडणार का?"

सगळे पत्रकार लिहायचे थांबले. पुढाऱ्यानं सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरी म्हणाला, "त्याची चौकशी करून सांगतो."

*

रविवारी दुपारी गोणपाट काढलं. आत उंदरांनी संसार केला होता. दांड्याची मूठ गायब. दिगूनं स्टँडवरच्या एका काळीपिवळी जीपच्या गिअरचा गोळा मागून आणला आणि तो बसवला. मागची वायर सैल होती. ती बोटानं दाबून धरली तरच चित्र दिसे, म्हणून सय्यद मशीनच्या मागं भिंतीला पाठ लावून बसला. तिथून त्याला पडदा दिसत नव्हता, फक्त आम्ही दिसायचो.

"मला मजला सांगत रहा," तो म्हणाला. "मशीनच्या पाठीकडं बघून जीव चाललाय."

पहिला डाव दिगूचा. तिसऱ्यावर मेला. दुसरा, पाचव्यावर. जावयाचा टेम्पो सकाळी येणार होता. अप्पा पोत्यावर बसून होते.

ऊन उतरलं तसा मी दिगूला म्हणालो, "सरक."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मी गिअरचा गोळा पकडला. साहेबांचा अंगठा आठवडाभर उगाच सोलला नव्हता! पहिला मजला गेला, दुसरा गेला. चौथ्यावर दगड चुकवले तेव्हा दिगूनं माझी कॉलर धरली होती. सहाव्याचा राक्षस पडला आणि मी ओरडलो, "सातवा!"

"सातवा?" मशीनमागून सय्यद ओरडला. "वायर सोडू नको म्हना मला!"

समोर दार. दिगूनं कॅमेरा डोळ्याला लावला. पुरावा माझ्याच बाजूनं व्हावा म्हणून मी त्याला बरोबर आणलं होतं. मी तलवार चालवू लागलो. दार ढिम्म. पट्टी सरकत होती. अर्धी झाली. अप्पांनी मान खाली घातली. मला आतून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. काकू दिवा घेऊन आल्या होत्या.

"हात सोडा, भाऊ."

"काकू, एक मिनिट. पट्टी संपत आली."

"दिवा लागलाय. हात सोडा."

ज्या नियमावर मी बातमीत टीका केली तोच. पण म्हाताऱ्या बाईपुढं काय भांडणार? दिगूनं कॅमेरा गळ्यात सोडला, हात जोडले, डोळे मिटले. आज अप्पांनीही घट्ट मिटले. मी गोळा सोडला, हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत. पट्टी संपताना मला बघायची होती.

तलवारवाला दारापुढं गप उभा राहिला. कोणी त्याला काही करायला सांगत नव्हतं.

दार उघडलं.

आत निळं आकाश होतं. किल्ल्याच्या गच्चीवर एक निशाण वर चढलं, चार सूर वाजले, इतके बारीक की काकूंच्या शुभंकरोतीत बुडून गेले. मग पडदा काळा झाला आणि तलवारवाला परत पहिल्या मजल्यावर येऊन उभा राहिला.

काकूंनी दिवा ठेवला. सगळ्यांनी डोळे उघडले.

"गेली का पट्टी?" दिगू म्हणाला. "पहिल्यावर आलं की परत. फोटो ऱ्हायला माझा."

अप्पांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. पोत्यावरून उठले आणि गोणपाट झटकायला लागले.

माझे हात जोडलेलेच होते. ते सोडले आणि मशीनच्या मागं वाकलो.

"सय्यद, पार्लरची ती बातमी आठवते का? मथळ्याचा टाइप किती होता?"

"अठ्ठेचाळीस पॉइंट, ब्लॅक," वायर धरलेल्या सय्यदचा आवाज आला. "कावून, साहेब?"